सुईनंतरची चाई : लस हवी आणि नोंदही हवी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. विहारात महिला मंडळाची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, बायका आपापल्या घरी गेल्या आणि एक मावशी मागे थांबल्या. एका मोठ्या रुग्णालयात त्या ठेकेदाराकडे सफाईचे काम करतात. मे महिन्याच्या उकाड्यातही त्यांनी बैठकभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आता आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी पदर मागे सारला. कानाच्या वर एक आणि टाळूच्या मागे एक, रुपयाच्या नाण्याएवढे दोन चट्टे. तिथे केस नाहीत, कोंडा नाही, लाली नाही. तळहातासारखी गुळगुळीत कातडी.

"सिस्टर, दवाखान्यात काविळीची सुई दिली होती. दुसरी. महिना झाला नाही तोच हे सुरू झालं. सुईनंच झालं ना?"

आम्ही चौदा वर्षे वॉर्डात आणि लसीकरणाच्या टेबलावर काढली आहेत. अशा प्रश्नाचे उत्तर आमच्या तोंडात तयारच असायचे. आम्ही म्हणालो, "सुईनं कुठं केस जातात मावशी? टेन्शन घेऊ नका, जेवणाकडे लक्ष द्या." मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या गेल्या. पुन्हा विचारायला आल्या नाहीत.

तिसरी सुई त्यांनी घेतली नाही. कोणाच्या तरी सांगण्यावरून एका चट्ट्यावर बिब्बा लावला. कातडी भाजली, पू झाला. सहा महिन्यांनी आशाताई आमच्याकडे आल्या. मावशींच्या सुनेने दीड महिन्याच्या बाळाला डोस द्यायला नकार दिला होता. "सासूबाईंचे केस गेले, माझ्या लेकराचं काय होईल?" असे तिचे म्हणणे. त्याच गल्लीतल्या आणखी दोन घरांनी तिचेच ऐकले.

चूक आमची होती. सुनेची नव्हती, मावशींची तर नव्हतीच. आम्ही तपासले नाही, लिहून घेतले नाही आणि जे आम्हाला पक्के माहीत नव्हते ते पक्के असल्यासारखे सांगितले. म्हणून या पानावर आम्ही एक मत स्पष्ट मांडतो आहोत. लस घेतल्यावर केस गेले असे कोणी म्हणाले, तर ते ऐकून घेतले पाहिजे आणि त्याची नोंद झाली पाहिजे. आणि लसही चालू राहिली पाहिजे. पहिली गोष्ट केली नाही तर दुसरी वस्तीत टिकत नाही, हे आम्ही त्या गल्लीत पाहिले.

चाई म्हणजे काय?

केसांत किडा शिरला आणि त्याने केस खाल्ले, असे आपल्याकडे अजून सांगतात. चाईत किडा नसतो. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांचे काम बाहेरच्या शत्रूला ओळखून मारणे. काही माणसांमध्ये या पेशींची ओळख चुकते आणि त्या स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून जातात. मूळ मरत नाही, पण केस धरून ठेवण्याचे काम थांबते आणि गोल चट्टा पडतो. कधी दाढीत, कधी भुवईत, कधी नखांवर बारीक खड्डे. म्हणूनच चाई संसर्गजन्य नाही. वेगळा कंगवा, वेगळी उशी, मुलाला शाळेत पाठवायचे नाही, यातले काहीही करायची गरज नाही.

शंभर माणसांतल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. म्हणजे हजार माणसांच्या वस्तीत वीसेक जण. काही घराण्यांत ती जास्त दिसते. थायरॉइडचा विकार किंवा कोड असलेल्यांमध्येही तिचे प्रमाण जास्त असते. एक-दोन लहान चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात परत येतात. नवे केस आधी पांढरे येतात आणि मग काळे होतात, त्याला घाबरू नये. थोड्या लोकांत मात्र सगळ्या डोक्याचे, क्वचित सगळ्या अंगाचे केस जातात.

सगळीच केसगळती चाई नसते. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस मूठमूठ गळतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. लहान मुलाच्या डोक्यावर कोंडा, खाज आणि तुटलेले केस असतील तर ते बुरशीचे इन्फेक्शन असू शकते. ते मात्र पसरते आणि त्याला पोटातून औषध लागते. पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटतात, पण तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

लसीचा संबंध किती?

मावशींची तक्रार आम्ही झटकून टाकली, पण शास्त्राने ती झटकलेली नाही. अमेरिकेत लसीनंतरच्या त्रासाची तक्रार कोणीही नोंदवू शकेल अशी व्यवस्था आहे. तिथे आलेल्या केसगळतीच्या तक्रारी तिथल्याच सरकारी डॉक्टरांनी तपासल्या आणि १९९७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. तपासण्याजोग्या तक्रारी ६० होत्या. त्यांतल्या ४६ जणांनी हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ ब ची लस घेतलेली होती. १६ जणांच्या बाबतीत लस घेतल्यावर केस जाण्याचा प्रकार एकापेक्षा जास्त वेळा घडला होता. एकदा घडले तर योगायोग म्हणता येतो. त्याच माणसाला पुन्हा तसेच घडले तर विचार करावा लागतो. म्हणून त्या डॉक्टरांनी लिहिले की संबंध असू शकतो, पण तो फार दुर्मीळ आहे. ही लस अमेरिकेत कोट्यवधींनी घेतली होती आणि तक्रारी ६०, हेही लक्षात ठेवायला हवे.

कोविडच्या काळात हा प्रश्न पुन्हा आला. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले आणि २२० कोटींहून जास्त डोस दिले गेले. लसीनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत चाई पडल्याचे रुग्ण वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवले. त्यांतल्या काहींना आधीही चाई होऊन गेली होती. दुसऱ्या बाजूला, दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात कोविडचा आजार होऊन गेलेल्यांमध्ये चाई जास्त आढळली. म्हणजे जंतूने प्रतिकारशक्ती खवळली तरी चाई पडू शकते, आणि ज्याच्या शरीरात तिची तयारी आधीच आहे त्याला लसही कारण होऊ शकते. दोन्हींत प्रतिकारशक्ती जागी होते. फरक एवढाच की आजार चाईवर थांबत नाही.

'नंतर' आणि 'मुळे'

आता दुसरी बाजू. एखादी गोष्ट सुईनंतर घडली म्हणून ती सुईमुळेच घडली असे होत नाही. घरातलेच उदाहरण घ्या. बाळाला पेंटाव्हॅलेंट लसीचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. पोटात असताना आलेले बाळाचे केसही नेमके दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गळतात, आणि उताणे झोपून डोक्याच्या मागे घासून टक्कल दिसते. आईचेही केस बाळंतपणानंतर साधारण त्याच सुमाराला गळतात. आई म्हणते, सुई दिली आणि केस गेले. तिचे निरीक्षण खरे आहे, पण ती सुई दिली नसती तरी ते केस गेलेच असते.

आणखी एक हिशेब. शंभरात दोघांना कधीतरी चाई पडणारच आहे. एका महिन्यात कोट्यवधी लोकांना लस दिली तर त्यांतल्या कितीतरी जणांची चाई लसीनंतरच्याच महिन्यात येणार. त्यांतल्या कोणाची लसीने आली आणि कोणाची नुसतीच आली, हे एका माणसाकडे पाहून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ते समजते हजारो नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर. आमच्यासारख्या सिस्टरने नोंदच केली नाही तर शेजारी ठेवणार काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याची आठवण अजून ताजी आहे. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले. तो चाईचा प्रकार नव्हता, त्यात लसीचाही संबंध नव्हता. लोक आधी पाण्याला दोष देत होते, मग शाम्पूला, मग 'टक्कल व्हायरस' नावाच्या अफवेला. ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या. पण गावेच्या गावे बोलली म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेपर्यंतची पथके आली, पाणी, रक्त आणि केस तपासले गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनचा गहू तपासून घेतला आणि त्यातल्या सेलेनियमचा मुद्दा पुढे आणला. गहू तपासावा हे सुचण्याआधी किती जणांचे केस गेले, कधी गेले, घरात काय खाल्ले, हे कोणीतरी विचारून लिहून घेतले होते. वस्तीतल्या एकट्या बाईसाठी पथक येत नाही. तिच्यासाठी नोंद हेच पथक आहे.

मग लस सोडायची का?

नाही. आणि आपल्या घरांनी तर मुळीच नाही. ज्या लसीबद्दल सर्वांत जास्त तक्रारी आल्या ती कावीळ ब ची लस आहे, आणि कावीळ ब कोणाच्या वाट्याला येते ते पाहा. वॉर्डातल्या पिशव्या कोण उचलते? कचऱ्यातली उघडी सुई कोणाच्या बोटात घुसते? रुग्णाच्या रक्तात हा विषाणू असेल तर टोचलेल्या एका सुईने तो शरीरात येतो. पुढे यकृत खराब होणे, जलोदर, यकृताचा कॅन्सर इथपर्यंत गोष्ट जाते. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ बाळांत तो विषाणू जन्मभर राहतो. म्हणून सरकारी दवाखान्यात जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला हा डोस देतात. चाईचे केस बहुतेक वेळा परत येतात. गेलेले यकृत येत नाही.

ही लस म्हणजे ठेकेदाराचा उपकार नाही. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणेही त्याच नियमांत आहे. मावशींना सुई मिळाली ती या हक्काने. आमचे म्हणणे इतकेच की सुई देऊन हक्क संपत नाही. सुईनंतर काही झाले तर विचारपूस, तपासणी आणि उपचार हाही त्याच हक्काचा भाग आहे.

नोंद कशी करायची?

सरकारी भाषेत याला 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणतात. दवाखान्यात 'एईएफआय' हा शब्द ऐकू येईल. त्याची व्याख्याच अशी आहे की लसीनंतर झालेला कोणताही त्रास, मग तो लसीमुळे असो वा नसो. म्हणजे नोंद करण्यासाठी तुम्हाला काही सिद्ध करावे लागत नाही. "सुईनं होत नाही" असे म्हणून नोंद नाकारणे हे नियमाला धरून नाही, आणि आम्ही नेमके तेच केले होते. किरकोळ त्रासाचीही नोंद केंद्रातल्या रजिस्टरात व्हायची असते. गंभीर त्रासाचा फॉर्म जिल्ह्याच्या समितीकडे जातो.

आधी आशाताईंना किंवा लस देणाऱ्या सिस्टरना सांगा, मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना. तिथे दाद लागली नाही तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे. कामाच्या दिवशी दिवसा तिथे फोन करता येतो. डॉक्टरच हवा असे नाही, रुग्ण स्वतःही तक्रार देऊ शकतो.

जाताना एका कागदावर एवढे लिहून न्या : लसीचे नाव, कितवा डोस, तारीख, कार्डावर असेल तर बॅच नंबर, केस गेल्याचे पहिल्यांदा कधी दिसले, मधल्या काळात ताप किंवा दुसरा आजार झाला का, कोणती औषधे चालू होती, आधी कधी चाई पडली होती का, घरात कोणाला थायरॉइड, कोड किंवा चाई आहे का. मोबाइलवर चट्ट्याचा फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला तसाच दुसरा काढा.

घरी काय करावे, काय टाळावे?

बिब्बा, जमालगोटा, लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नका. चाईत मूळ जिवंत असते, पण भाजल्याने व्रण पडला तर तेच मूळ कायमचे जाते. सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. चट्टे थोडे असतील तर त्या जागी स्टिरॉइडचे बारीक इंजेक्शन चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात, किंवा लावायचे मलम देतात. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे मलम आणू नका. खूप केस गेले असतील तर बॅरिसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली मोठ्या माणसांच्या तीव्र चाईसाठी तिला मान्यता मिळाली. ती प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून आधी टीबीची तपासणी केलीच पाहिजे. ज्या वस्त्यांत टीबी घराघरात होऊन गेला आहे तिथे हे विसरून चालणार नाही.

लसीनंतर चाई पडलेल्या माणसाने पुढचा डोस घ्यावा का? हा निर्णय डॉक्टर आणि त्या माणसाने समोरासमोर बसून करायचा आहे. पुन्हा चट्टा पडण्याची शक्यता त्याला आधी सांगितली पाहिजे, आणि लस न घेण्याचा धोकाही. कामावर रोज सुया हाताळणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा असतो. एकाच्या चाईमुळे घरातल्या दुसऱ्या कोणाचा, विशेषतः बाळाचा, डोस थांबवण्याचे मात्र काही कारण नाही. डोस चुकला असेल तर उशिरा का होईना पुढे चालू करता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि आमच्या सिस्टर भगिनींना आणि आशाताईंना एक सांगणे. वस्तीतली बाई आपल्याला विचारते तेव्हा तिने मनात कितीतरी दिवस प्रश्न घोळवलेला असतो. "मला नक्की माहीत नाही, पण लिहून घेते आणि डॉक्टरांना विचारते," एवढे वाक्य म्हणायला आपल्याला जड का जावे? त्या वाक्याने लसीवरचा विश्वास कमी होत नाही. खोट्या खात्रीने मात्र तो नक्की जातो.

आशाताईंनी सांगितल्यावर आम्ही मावशींच्या घरी गेलो आणि सुनेसमोरच म्हणालो, "मावशी, त्या दिवशी आम्ही चुकीचं बोललो." त्वचारोग विभागात त्यांच्यासोबत गेलो. रक्तात थायरॉइडचा दोष निघाला, जो कोणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे त्यांची चाई सुईने आली की थायरॉइडच्या दोषाबरोबर आली, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. नोंद व्हायला दोन खेपा पडल्या. पहिल्यांदा "हे यात बसत नाही" असे ऐकावे लागले. फॉर्म गेला, उत्तर अजून आलेले नाही. पुनर्तपासणीला जाताना आम्ही ते विचारतो.

डॉक्टरांशी बोलून मावशींनी तिसरी सुई घेतली. कानावरचा चट्टा भरला. केस आधी पांढरे आले, आता काळे आहेत. बिब्बा लावलेली जागा तशीच राहिली, ती भरणार नाही. नातवाचे डोस उशिरा का होईना पूर्ण झाले, आणि त्या दोन घरांतल्या बाळांना घेऊन सून स्वतः केंद्रावर गेली.

या महिन्यापासून मंडळाच्या बैठकीत आम्ही एक वही ठेवतो आहोत. लसीनंतर कोणालाही काही त्रास झाला असेल, मोठा किंवा लहान, तर त्यात लिहायचे आणि ती पाने दर महिन्याला केंद्रावर न्यायची. आपल्या वस्तीतही अशी वही सुरू करा. पुढच्या बैठकीला येताना घरातली लसीकरणाची कार्डे सोबत आणा.